तुरुंगांचा हिशेब लोकांपुढे मांडा

कोयनेच्या धरणात आज किती पाणी आहे, लासलगावच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटला, कोणत्या साखर कारखान्याने किती उसाचे गाळप केले, या गोष्टी महाराष्ट्रातील कोणाही नागरिकास घरबसल्या कळतात. सरकार त्या मोजते, मोजलेले जाहीर करते, आणि जाहीर करण्यास थोडा उशीर झाला तर ओरडही होते. परंतु येरवड्याच्या, नाशिकरोडच्या किंवा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात गेल्या महिन्यात किती माणसे मरण पावली, ती कशाने मेली, जामीन मंजूर होऊनही केवळ हमीची रक्कम भरता येत नाही म्हणून किती जण आत बसून आहेत, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर सहजी मिळावयाचे नाही. अर्ज करा, तीस दिवस वाट पाहा, उत्तर अपुरे आले तर अपिलात जा, असा तो द्राविडी प्राणायाम आहे. पाण्याचा, कांद्याचा आणि उसाचा हिशेब ज्या तत्परतेने दिला जातो ती तत्परता कोठडीतल्या माणसाच्या वाट्यास येत नाही. हा विषय आतल्या पानावर न ठेवता आज आम्ही पहिल्या पानावर आणला आहे तो याच कारणासाठी.

सरकार काहीच सांगत नाही, असे आमचे म्हणणे नाही. राज्याच्या कारागृह विभागाकडून कारागृहनिहाय क्षमता व बंद्यांची संख्या यांची पत्रके संकेतस्थळावर वेळोवेळी प्रसिद्ध होतात, आणि त्याचे श्रेय त्या विभागास दिलेच पाहिजे. पण जागा किती आणि माणसे किती, एवढा हिशेब तर कोणत्याही गोदामाचा कारकूनही ठेवतो. पोती आणि माणसे यांच्या हिशेबात जो फरक असावयास हवा, तो येथूनच पुढे सुरू होतो. आणि नेमके तेथेच पत्रक संपते.

त्यापुढचे जे काही कळते ते दिल्लीहून. केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासूनची तुरुंगांची आकडेवारी दरसालच्या अहवालरूपाने छापत आला आहे. अहवाल जाडजूड असतो, कोष्टकांनी भरलेला असतो आणि अभ्यासकांस उपयोगीही असतो. पण तो येतो केव्हा? २०२२ च्या अखेरची स्थिती सांगणारा अहवाल २०२३ च्या डिसेंबरात बाहेर पडला, आणि त्यालाही वेळेवर आला म्हणावयाचे, कारण २०१६ सालचा अहवाल २०१९ च्या एप्रिलपर्यंत रखडला होता. तो आला तेव्हा त्यातून बंद्यांचा धर्म व जात सांगणारी कोष्टके गळालेली होती. पुढील अहवालांत ती परत आली. एवढ्या काळात आतला कच्चा कैदी सुटून घरी गेलेला असतो, शिक्षा होऊन दुसऱ्या कारागृहात गेलेला असतो, किंवा जगातूनच गेलेला असतो. शिळ्या आकड्यावर अग्रलेख लिहिता येतो. त्यावरून कारभार सुधारता येत नाही.

तरीही त्या २०२२ च्या अहवालात काय आहे ते पाहू. देशभरातील १,३३० तुरुंगांत ४ लक्ष ३६ हजार माणसांची जागा, आणि आत ५ लक्ष ७३ हजार माणसे. त्यांतील ४ लक्ष ३४ हजार, म्हणजे शेकडा सुमारे ७६, न्यायाधीन. ज्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही असे. पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलेले अकरा हजारांवर. महाराष्ट्राचे चित्र सरासरीहून वाईट आहे. सुमारे २५ हजारांच्या जागेत सुमारे ४१ हजार बंदी, आणि त्यांत दर पाचांपैकी चार कच्चे.

आता या एका आकड्यातून किती गोष्टी निसटतात ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. राज्यभराची सरासरी काढली की खुल्या कारागृहातील ऐसपैस जागा आणि मुंबईच्या आर्थर रोडवरील बराक ही दोन्ही एकाच कोष्टकात विरघळून जातात. आर्थर रोडची अधिकृत क्षमता पुष्कळ वर्षे ८०४ अशी सांगितली जात होती. २०२० च्या मे महिन्यात तेथे करोनाची साथ शिरली तेव्हा आत अडीच हजारांहून अधिक माणसे होती. तेथे एका माणसाच्या जागेत तीन माणसे झोपत होती, हे राज्याच्या सरासरीवरून कोणाच्याही लक्षात आले नसते. साथीने ते दाखविले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी २३ मार्च रोजी प्रत्येक राज्यास उच्चाधिकार समिती नेमावयास सांगितले, आणि महाराष्ट्रातील समितीच्या निर्णयानुसार हजारो बंद्यांना तात्पुरते बाहेर सोडण्यात आले. जे काम दरमहा प्रसिद्ध झालेल्या एका कोष्टकाने व्हावयास हवे होते, त्यासाठी महामारी यावी लागली!

गर्दीपेक्षाही गंभीर प्रश्न मृत्यूचा आहे. २०२२ साली देशातील तुरुंगांत १,९९५ माणसे मेली. अहवाल म्हणतो, त्यांपैकी १,७७३ जणांचा मृत्यू 'नैसर्गिक', १५९ जणांचा 'अनैसर्गिक' आणि ६३ जणांच्या मृत्यूचे कारण अद्याप समजलेले नाही. 'अनैसर्गिक' म्हणजे बहुतांशी आत्महत्या. त्या ११९ आहेत. बेरीज चोख जुळते. पण 'नैसर्गिक' म्हणजे काय? छातीत कळ आली, बराकीतून हाका मारल्या, शिपायाकडे किल्ल्या नव्हत्या, डॉक्टरची जागा रिकामी होती, रुग्णालयात न्यावयास पोलिसांचा बंदोबस्त मिळाला नाही, आणि पहाटे माणूस गेला, तर कोष्टकात तो कोणत्या रकान्यात पडतो? हृदयविकाराने मेला, सबब नैसर्गिक! हा प्रश्न एकट्या आमचाच नाही. देशातील १,३८२ तुरुंगांच्या अमानुष स्थितीसंबंधी माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी पाठविलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयापुढे २०१३ साली जे प्रकरण उभे राहिले, त्यात १५ सप्टेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने हाच प्रश्न विचारला होता. वेळेवर वा पुरेशी औषधयोजना न झाल्याने बंदी मेला तर तो मृत्यू नैसर्गिक की अनैसर्गिक, हा भेद स्पष्ट होत नाही, असे न्यायालयाने नमूद केले आणि गुन्हे नोंद विभागाने तो स्पष्ट करावा असे सांगितले. त्याच निकालाने २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगांत अनैसर्गिक मृत्यू पावलेल्यांच्या वारसांचा शोध घेऊन त्यांना भरपाई देण्याचे काम देशातील उच्च न्यायालयांकडे सोपविले. म्हणजे मृत्यू कोणत्या रकान्यात लिहिला गेला यावर त्याच्या विधवेला काही मिळावयाचे की नाही हे ठरणार. रकान्याची ही किंमत आहे. आणि २०२२ च्या अहवालातही ती दोन नावे तशीच उभी आहेत.

येथे कोणी म्हणेल की अशा मृत्यूंची चौकशी होतेच. होते, हे खरे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर चोवीस तासांच्या आत कळवावी, असा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा दंडक १९९३ च्या डिसेंबरापासून आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्तीने २००६ पासून कोठडीमृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकरवी चौकशी ठरवून दिली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही ती तरतूद कायम राखली आहे. आमचा मुद्दा याच ठिकाणी आहे. जी गोष्ट दिल्लीतील आयोगाला चोवीस तासांत कळविता येते, ती ठाण्यातील किंवा नागपुरातील नागरिकास वर्षभरानंतर, तीही 'नैसर्गिक' या एका शब्दात, का कळावी? आणि दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून जो निष्कर्ष लिहिला, तो फायलीतच का मुरावा?

माहिती रीतसर बाहेर येत नाही तेव्हा ती दुसऱ्या वाटेने येते. २०१७ च्या जून महिन्यात भायखळ्याच्या महिला कारागृहातील एक बंदिनी मरण पावली. कारागृहातील कर्मचाऱ्यांच्या मारहाणीने ती मेली असा तिच्या सहबंदिनींचा आरोप होता. मुंबईकरांस ही गोष्ट कळली ती कोणत्या निवेदनातून नव्हे. दुसऱ्या दिवशी आतल्या बायकांनी दंगा केला, त्या छपरावर चढल्या, आवारातून धूर निघाला, तेव्हा रस्त्यावरच्या माणसाने मान वर करून पाहिले. पुढे गुन्हा दाखल होऊन कर्मचाऱ्यांना अटकही झाली. त्यांच्या दोषाविषयी बोलणे न्यायालयाचे काम आहे आणि आम्ही ते करीत नाही. मृत्यूची वार्ता भिंतीपलीकडे पोहोचविण्यास बायकांना छपरावर चढावे लागले, एवढ्यापुरताच आमचा आक्षेप आहे. चार वर्षांनी, ५ जुलै २०२१ रोजी, तळोजा कारागृहातून रुग्णालयात हलविलेले ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी वांद्र्यात मरण पावले, तेव्हा ती बातमी जगभर गेली. त्यांच्यावरील खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. त्यांना नाव होते, वकील होते, न्यायालयात त्यांच्या आजाराची चर्चा झाली. जालन्याच्या किंवा गडचिरोलीच्या ज्या माणसाला वकिलाचे तोंडही दिसलेले नाही, त्याच्या आजाराची चर्चा कोठे व्हावयाची? त्याच्यासाठी एक रकाना हाच वकील.

आकडे छापून माणसे सुटतात काय, असा उपहास काही अनुभवी अधिकारी करतात. सुटतात, असे आमचे त्यावर उत्तर आहे, आणि त्यास पुरावा आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयातील समारंभात लिहून आणलेले भाषण बाजूस ठेवून तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब माणसांविषयी काही शब्द काढले. त्यानंतर न्यायालयाने एक साधी चौकशी केली: जामीन मंजूर झाला आहे पण सुटका झालेली नाही, असे बंदी किती? देशभरातून जी माहिती गोळा झाली तिच्यात असे सुमारे पाच हजार कच्चे कैदी निघाले. हा आकडा त्याआधी कोणाच्या टेबलावर नव्हता, कारण तो कोणी मागितला नव्हता. मोजणी झाली, यादी हाती आली, विधिसेवा प्राधिकरणांनी एकेकाची अडचण पाहिली, आणि त्यांतील १,४१७ माणसे घरी गेली. कोणताही नवा कायदा झाला नाही, नवा तुरुंग बांधला गेला नाही. नुसते विचारले आणि मोजले. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने आदेश दिला की जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणकात नोंदवावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे. तो संगणक आज राज्यातील तुरुंगांत आहे. 'ई-प्रिझन्स' या नावाने ती व्यवस्था देशभर चालते. तेव्हा माहिती गोळा करण्यास माणसे नाहीत, हा जुना बहाणा आता उरलेला नाही.

ज्या परकी सरकारास आपण जुलमी म्हणत आलो, आणि योग्य कारणासाठीच म्हणत आलो, त्याने या बाबतीत काय केले होते हेही सांगावयास हवे. मुंबई इलाख्याच्या तुरुंगखात्याचा वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध होत असे. बंद्यांची रोजची सरासरी, तुरुंगातून दिलेल्या शिक्षा, आजारांची वर्गवारी आणि दर हजारी मृत्युमान ही सारी माहिती त्यात येई. आपल्या अब्रूचे धिंडवडे निघतील अशी भीती त्या सरकारास वाटली नाही, कदाचित वाचणारे आपलेच अधिकारी आहेत या गुर्मीमुळेही असेल. वाचणारे आणखीही निघाले. १८८२ साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, आणि आगरकरांनी तेथील १०१ दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे ठेवली. त्या दोघांचे वर्तमानपत्र तेव्हा दोन वर्षांचेही झाले नव्हते. तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते हे वाचकांस सांगणे मराठी वृत्तपत्रांना तेव्हापासून आपले काम वाटत आले आहे. आमची आजची मागणी त्या कुळातलीच आहे. फरक इतकाच की सांगावयासाठी संपादकास तुरुंगात जावे लागू नये.

माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाच्या आधी ज्या राज्यांनी केला त्यांत महाराष्ट्र होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे चौथे कलम सांगते की सरकारी कार्यालयांनी आपण होऊन एवढी माहिती प्रसिद्ध करावी की नागरिकास अर्ज करण्याची वेळ क्वचितच यावी. आणि जी माहिती कोणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित आहे, ती अट्ठेचाळीस तासांत द्यावी असे सातवे कलम सांगते. जीवित आणि स्वातंत्र्य हे दोनच विषय ज्या खात्यात रात्रंदिवस चालतात, ते खाते या कलमांचा पहिला विद्यार्थी असावयास हवे होते.

सुरक्षिततेचा आक्षेप पुढे येईल, हे आम्ही जाणतो. बंद्यांची नावे, कोणती बराक कोणाची, पहारा केव्हा बदलतो, ही माहिती कोणी मागितलेली नाही. तुरुंगातील डॉक्टरांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे कळल्याने कोणाला भिंत ओलांडता येत नाही. खासगीपणाचा प्रश्न अधिक खरा आहे. मृताचे नाव आणि आजार चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार सरकारास नाही. म्हणून संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. इंग्लंडमध्ये तुरुंगातील प्रत्येक मृत्यूची चौकशी एक स्वतंत्र लोकपाल करतो आणि तिचा वृत्तांत प्रसिद्ध होतो. त्यामुळे तेथील तुरुंग ओस पडलेले नाहीत किंवा तेथील शिपायांनी राजीनामे दिलेले नाहीत. उलट आपल्याकडे शिपायांचेच यात हित आहे. पन्नास माणसांच्या बराकीत दीडशे माणसे सांभाळणारा शिपाई आपल्या तोंडाने तक्रार करू शकत नाही. छापलेले पत्रक ती करील.

जातीच्या रकान्याविषयी एक शब्द येथेच लिहितो. तुरुंगात जात पाहून झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देण्याची जी लाजिरवाणी वहिवाट होती, ती मुंबईच्या एका पत्रकार स्त्रीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली आणि तुरुंगातील नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढावा असा आदेश दिला. हे सर्वथैव योग्य झाले. परंतु कोणत्या समाजातील माणसे आपल्या संख्येच्या मानाने अधिक प्रमाणात आत आहेत, ही गणना त्यासोबत बुडू नये. गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीस त्या आदेशाची बाधा नाही, असे न्यायालयानेच पुढे स्पष्ट केले आहे. काम वाटून देण्यासाठी जात विचारणे आणि अन्याय मोजण्यासाठी जात विचारणे, या दोन गोष्टींतला भेद आमच्या काही सुधारकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून हे लिहावे लागले.

राज्य सरकारकडे आमचे मागणे आता नेमके सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक कारागृहाचे एक पत्रक निघावे. क्षमता आणि संख्या त्यात असतेच. त्याशेजारी कच्च्या कैद्यांपैकी किती जण किती काळ आत आहेत हे यावे. जामीन मंजूर होऊनही न सुटलेले किती, आणि पोलिसांचा बंदोबस्त न मिळाल्याने ठरल्या तारखेस न्यायालयात किंवा रुग्णालयात नेता न आलेले किती, हेही यावे. नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम पहिल्यांदाच आरोपी झालेल्यास शिक्षेच्या कमाल मुदतीचा एक तृतीयांश, आणि इतरांस निम्मा, काळ आत काढल्यावर सुटकेचा मार्ग मोकळा करते, काही गंभीर गुन्हे वगळून. आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य ते तुरुंगाच्या अधीक्षकावरच टाकते. तेव्हा कोणत्या अधीक्षकाने महिन्यात किती अर्ज केले आणि त्यांवर किती माणसे सुटली, हा आकडा लोकांस दिसला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. तिच्या बैठकींचे फलित त्याच पत्रकात यावे. मृत्यूचे तर 'नैसर्गिक' या शब्दावर भागवूच नये. आजार कोणता, पहिली तक्रार केव्हा नोंदली, डॉक्टरने केव्हा तपासले, रुग्णालयात केव्हा नेले, या चार नोंदी नावाविना छापाव्या, आणि चौकशी पुरी झाली की तिचा निष्कर्ष त्याच ओळीत भरावा.

यासाठी मुहूर्त शोधावा लागणार नाही. १८९४ च्या इंग्रजी अमदानीतील तुरुंग कायद्याची जागा घेण्यासाठी केंद्राने २०२३ साली एक आदर्श कायदा राज्यांकडे धाडला, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कारागृहे व सुधारसेवा यांविषयीचे आपले विधेयक आणले. त्यात 'सुधारसेवा' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. तुरुंग हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे, म्हणून दिल्लीकडे बोट दाखविण्याची सोयही नाही. मासिक पत्रकाची आणि विधिमंडळापुढे ठेवावयाच्या वार्षिक अहवालाची सक्ती नियमांत दोन ओळींत घालता येते, आणि ज्या विधिमंडळात धरणांच्या पाण्यावर तासन् तास चर्चा होते, त्याच्या पटलावर ४१ हजार माणसांचा हिशेबही मग दरवर्षी येईल.